ब्राचा नंबर: पट्टा, कप आणि लेबल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात ब्राची खरेदी बहुधा एका प्रश्नात आटोपते. राजवाड्याच्या आसपासच्या दुकानात "दीदी, कौन सा नंबर?" असे विचारले जाते, गिऱ्हाईक "चौंतीस" म्हणते, काउंटरवर दोन-चार डबे उघडतात आणि पुढची चर्चा रंगाची आणि किमतीची होते. कपाविषयी कोणी विचारतेच असे नाही. पुढे घेतलेले प्रश्न रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतील मराठी घरांत मायलेकींच्या आणि जावाजावांच्या बोलण्यात नेहमी येणारे आहेत. उत्तरे शक्यतो आकड्यांनिशी दिली आहेत, कारण या विषयात आकड्यांइतका गोंधळ दुसऱ्या कशानेही होत नाही.

लेबलावर "३४-बी" असे लिहिलेले असते. त्यातील आकड्याचा आणि अक्षराचा अर्थ काय?

आकडा पट्ट्याचा असतो, म्हणजे स्तनांच्या लगेच खाली छातीभोवती फिरून पाठीवर हुकांनी बंद होणाऱ्या भागाचा. अक्षर कपाचे असते. मात्र हे अक्षर कोणतेही माप थेट सांगत नाही. छातीचा पूर्ण घेर आणि स्तनांखालचा घेर यांच्यातील फरक ते सांगते. ए म्हणजे कमी फरक, बी म्हणजे त्याहून थोडा अधिक, आणि याच क्रमाने पुढे. फरक दाखवणारे अक्षर असल्यामुळे सोबतच्या आकड्यावाचून त्याला काहीच अर्थ उरत नाही. "माझा कप सी आहे" हे वाक्य म्हणूनच अर्धवट ठरते.

ही अक्षरे अमेरिकेतून आली. एस. एच. कॅम्प अँड कंपनीने १९३२ मध्ये स्तनांचे आकारमान आणि ओघळ यांसाठी ए ते डी अशी चार अक्षरे वापरली, आणि वॉर्नर कंपनीने १९३७ मध्ये आपल्या मालावर कपांची अक्षरे आणली. त्याच दशकात पाठीवर एकाहून अधिक हुकांच्या ओळी देऊन पट्टा कमीजास्त करण्याची सोयही रुळली. अक्षरांचा क्रम डीच्या कितीतरी पुढे जातो, पण आपल्या बाजारातील बराच माल अजूनही डीपाशी संपतो, आणि पुढे ज्या तक्रारी येतात त्यांतील अनेकींचे मूळ तिथे आहे.

माप घरी कसे घ्यावे?

शिवणकामाचा टेप, आरसा आणि शक्य असल्यास मदतीला बहीण किंवा आई एवढे पुरते. टेप फार जुना असेल तर तो ताणून लांबलेला असण्याची शक्यता असते, म्हणून पोलादी पट्टीशी एकदा ताडून पाहावा. माप इंचांत न घेता सेंटीमीटरमध्ये घ्यावे, कारण अर्ध्या-पाव इंचाच्या हिशेबात चूक लवकर होते आणि बहुतेक कंपन्यांचे तक्ते आता सेंटीमीटरमध्येही मिळतात.

पहिले माप स्तनांखालच्या घेराचे. सरळ उभे राहावे, टेप स्तनांच्या लगेच खालून, पाठीवर वर न चढता जमिनीला समांतर फिरवावा, श्वास सोडावा आणि टेप अंगाला नीट टेकलेला असताना आकडा वाचावा. टेप येथे सैल ठेवणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे; हा पट्टा पुढे सगळा भार पेलणार आहे, तेव्हा तो घट्टच मोजायचा असतो, अर्थात कातडीत रुतेल इतका नव्हे.

दुसरे माप पूर्ण घेराचे. हे उघड्या अंगावर किंवा पातळ, बिनपॅडची ब्रा घालून घ्यावे; पॅडेड ब्रावरून घेतलेले माप स्पंजाचे माप होते. टेप छातीच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून, पुन्हा जमिनीला समांतर न्यावा आणि या वेळी तो दाबू नये. स्तन ओघळलेले असतील तर उभ्याने घेतलेले माप कमी भरते. अशा वेळी कमरेतून पुढे वाकून आणखी एक माप घ्यावे आणि उभ्याने व वाकून आलेल्या आकड्यांच्या मधला आकडा धरावा. पाळीच्या आधीच्या दिवसांत स्तन सुजतात, म्हणून ते दिवस टाळलेले बरे.

ही दोन मापे हाती आल्यावर साइज कशी काढायची?

युरोपमधील ईएन १३४०२ या मानकाची रीत सर्वांत सरळ आहे, म्हणून आधी ती पाहू. स्तनांखालचा घेर जवळच्या पाचच्या पटीत आणायचा: ६५, ७०, ७५, ८०. तोच पट्ट्याचा आकडा. मग पूर्ण घेरातून खालचा घेर वजा करायचा. फरक १० ते १२ सेंटीमीटर असल्यास डबल ए, १२ ते १४ असल्यास ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी, २० ते २२ ई, आणि पुढे दर दोन सेंटीमीटरला एक अक्षर.

समजा खालचा घेर ७५ आणि पूर्ण घेर ९० सेंटीमीटर आहे. फरक १५, म्हणून साइज ७५-बी. खालचा घेर ८० आणि पूर्ण घेर ९७ असेल तर फरक १७ येतो आणि साइज ८०-सी ठरते. भारतातील नंबरांशी याची सांगड अशी: ७० म्हणजे ३२, ७५ म्हणजे ३४, ८० म्हणजे ३६, ८५ म्हणजे ३८, ९० म्हणजे ४०. पहिल्या उदाहरणातील स्त्रीने दुकानात ३४-बी मागावी, दुसरीने ३६-सी.

७५ सेंटीमीटर म्हणजे तर साडेएकोणतीस इंच. मग नंबर ३० न होता ३४ कसा? आणि इंटरनेटवरचा हिशेब मला ३०-डीडी का सांगतो?

ज्या स्त्रीला हा प्रश्न पडला तिने टेप नीट धरला होता असे समजावे. गोंधळ तिच्या मापात नसून दोन वेगळ्या रीती एकाच प्रकारचे आकडे वापरतात यात आहे.

जुनी अमेरिकी रीत अशी होती की स्तनांखालचा घेर इंचांत मोजायचा, तो सम आला तर त्यात चार मिळवायचे, विषम आला तर पाच, आणि येईल तो पट्ट्याचा नंबर. ही रीत आजच्यासारखे ताणले जाणारे कापड सर्रास नव्हते त्या काळातील आहे. भारतात नंबर इंचांचे रुजले ते या अधिकच्या चार इंचांसह. त्यामुळे आपल्याकडील ३४ हा आकडा अंगावर कुठेही मोजून सापडत नाही. ते एका पट्ट्याचे नाव आहे, आणि तो पट्टा साधारण ७३ ते ७७ सेंटीमीटर घेराच्या अंगासाठी असतो. चार इंचांची भर लेबलातच घातलेली असल्याने आपण पुन्हा चार मिळवायचे नाहीत आणि वजाही करायचे नाहीत.

ब्रिटिश आणि काही अमेरिकी दुकानांचे नवे हिशेब मात्र भर न घालता चालतात. साडेएकोणतीस म्हणजे ३०, आणि साडेपस्तीसच्या आसपासचा पूर्ण घेर त्याहून साडेपाच इंच अधिक, तेव्हा इंचाला एक अक्षर या दराने डीडी किंवा ई. तो नंबर त्या रीतीने शिवलेल्या मालासाठी खरा आहे. तोच नंबर घेऊन इंदुरातील दुकानात गेल्यास एकतर तो मिळत नाही किंवा ३० नंबरचा डबा निघतो, आणि त्यातील पट्टा सुमारे ६५ सेंटीमीटरच्या अंगाचा असल्याने श्वास कोंडतो. म्हणून ज्या कंपनीचा माल घ्यायचा, त्याच कंपनीच्या तक्त्यात आपली सेंटीमीटरमधील दोन मापे शोधावीत. तक्ता सापडत नसेल तर पाकीट पाहावे. वैध मापनशास्त्र (पॅकबंद वस्तू) नियम, २०११ यांप्रमाणे पॅकबंद मालावर कमाल किरकोळ किमतीबरोबर निर्मात्याचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्कही द्यावा लागतो. त्या क्रमांकावर फोन करून "तुमचा ३४ किती सेंटीमीटरसाठी?" असे विचारायला काहीच हरकत नाही.

तक्त्यापेक्षाही खात्रीचा पुरावा म्हणजे पट्टा प्रत्यक्ष ताणून पाहणे. सर्वांत बाहेरचा हुक लावून तो टेपच्या शेजारी धरावा आणि हाताने सहज जमेल इतका ताणावा. आपल्या घेरापर्यंत पोहोचतानाच त्याला ताण बसत असेल तर नंबर बरोबर आहे. न ताणताच तो आपल्या घेराइतका भरत असेल तर लेबल काहीही म्हणो, तो पट्टा सैल आहे.

माझी ब्रा वरून तंग होत होती, म्हणून ३४ ची ३६ घेतली. आता कप बरा बसतो, पण पट्टा पाठीवर चढतो. असे का?

कारण ३४-बी आणि ३६-बी यांच्यात पट्ट्याबरोबर कपही वाढतो. अक्षर तेच राहिले तरी मोठ्या पट्ट्यावरचा बी हा लहान पट्ट्यावरच्या बीपेक्षा मोठा असतो. ३६-बीचा कप साधारण ३४-सीच्या कपाएवढा असतो. आपल्याला हवा होता मोठा कप, मिळाला मोठा कप आणि त्यासोबत नको असलेला मोठा पट्टा.

आमच्याकडील नंबरांच्या घोटाळ्याचा गाभा हाच आहे असे मला वाटते. दुकानांत पट्टे ४२ पर्यंत मिळतात, कप मात्र बी आणि सीच्या पुढे क्वचित असतात. ज्या स्त्रीला ३४-डी लागते तिला विक्रेता आपल्याकडे आहे त्यातून ३८-बी काढून देतो. कप अंदाजे तेवढाच असल्यामुळे आरशात ती ठीकही दिसते. पण पट्टा दोन नंबर सैल असल्याने तो भार पेलत नाही, सगळे वजन खांद्याच्या पट्ट्यांवर येते, त्या आवळाव्या लागतात, आवळल्या की मागचा पट्टा आणखी वर खेचला जातो आणि पुढचा भाग खाली ओघळतो. खांद्यावर खोल वळ उठतात आणि दोष वयाला किंवा वजनाला दिला जातो. "बत्तीस में तो आप आओगी नहीं, दीदी" हे वाक्य ऐकून नंबर वाढवण्याआधी कप वाढवून पाहावा.

हवा तो साइज नसेल तर शेजारचा चालतो का?

एका पायरीपुरता चालतो. पट्ट्याचा नंबर एकाने वाढवला तर अक्षर एकाने कमी करायचे, आणि पट्टा कमी केला तर अक्षर वाढवायचे. त्यामुळे ३४-सी, ३६-बी आणि ३२-डी यांच्या कपांची क्षमता जवळपास सारखी असते. यांना सिस्टर साइज म्हणतात. पट्टा थोडा तंग वाटत असेल आणि कप बरोबर असेल तर ३४-सीऐवजी ३६-बी हा योग्य बदल आहे. दोन पायऱ्या गेल्यावर मात्र वर सांगितलेला सगळा प्रकार सुरू होतो.

डी कप म्हणजे फार मोठी छाती, हे खरे आहे का?

नाही. ३२-डी हा कप ३६-बीएवढा असतो, आणि ३६-बी मागताना कोणालाही संकोच वाटत नाही. बारीक अंगाच्या कित्येक मुलींना प्रत्यक्षात डी लागतो आणि केवळ अक्षराला बिचकून त्या बी घालत राहतात.

टेलर माझ्या ब्लाऊजचे माप ३६ लिहितो. म्हणजे माझी ब्राही ३६ ची का?

हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की अनेकींनी आयुष्यभर याच आधारावर खरेदी केलेली असते. ब्लाऊजच्या वहीतील ३६ हा छातीचा पूर्ण घेर असतो, म्हणजे सर्वांत भरलेल्या जागेवरून मोजलेले इंच. ब्रावरचा ३६ हा पट्ट्याचा नंबर असतो आणि तो सुमारे ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, खालच्या घेरासाठी असतो. दोन्ही आकडे कधी जुळतात, पण तो योगायोग.

छत्तीस इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर, पूर्ण घेर असलेल्या दोन बायका घेऊ. एकीचा खालचा घेर ८०. फरक ११, तेव्हा तिला ३६ नंबरच लागेल, पण कप डबल ए, म्हणजे एहूनही लहान. दुसरीचा खालचा घेर ७०. फरक २१, तिला युरोपीय रीतीने ७०-ई, म्हणजे ३२ नंबरचा पट्टा आणि बराच मोठा कप लागेल. टेलरच्या वहीत दोघींचे माप ३६. त्याच वहीवरून ब्रा घेतल्यास पहिलीचा कप रिकामा राहील आणि दुसरीचा पट्टा लोंबेल.

चांगले टेलर छातीबरोबर अप्पर चेस्ट, कंबर, खांदा आणि टक्स पॉइंट अशी मापे लिहितात. ब्लाऊजच्या खालच्या काठापाशी त्यांनी मोजलेले माप आपल्या उपयोगाचे आहे, पण ब्लाऊजच्या लांबीनुसार ते स्तनांच्या खाली बरेच उतरलेले असू शकते. तेव्हा टेलरकडूनच मोजून घ्यायचे असेल तर "स्तनांच्या अगदी खालून" असे स्पष्ट सांगावे. लग्नसराईत शीतलामाता बाजारातून साडी घेतली की ब्लाऊज शिवायला टाकतानाच पॅड लावायचे का असे विचारतात. पॅड लावून घ्यायचे असल्यास ब्लाऊजचे माप, जी ब्रा आत घालणार ती घालूनच द्यावे, आणि आत काहीच घालणार नसल्यास तसे सांगावे. दोन्हींचे माप वेगळे येते.

बनियनवर ८५ लिहिलेले असते आणि एका ब्रावरही ८५ होते. दोन्ही एकच का?

मुळीच नाही. बनियनवरचे ८५ हे छातीच्या पूर्ण घेराचे सेंटीमीटर आहेत, सुमारे ३४ इंच. युरोपीय पद्धतीच्या ब्रावरचे ८५ हे स्तनांखालच्या घेराचे सेंटीमीटर असतात, आणि आपल्या नंबरांत तो ३८ होतो. घरातल्या बनियनच्या नंबरावरून बायकांच्या कपड्यांचा अंदाज बांधणाऱ्या जाणकार पुरुषांना हे आवर्जून सांगावे.

परदेशातून आणलेल्या किंवा परदेशी कंपनीच्या ब्रांवर वेगळेच आकडे असतात. ते कसे वाचावेत?

ज्या स्त्रीचा खालचा घेर ७५ आणि पूर्ण घेर ९० आहे, तिलाच पुन्हा घेऊ. भारतात ती ३४-बी, जर्मनीत ७५-बी. फ्रान्समध्ये पट्ट्याच्या आकड्यात १५ मिळवतात, म्हणून तिथे ती ९०-बी. ऑस्ट्रेलियात झग्याच्या नंबरांची पद्धत चालते, तेव्हा तिथे १२-बी. जपानमध्ये अक्षर आधी आणि आकडा नंतर लिहितात, शिवाय तिथे ए हा १० सेंटीमीटर फरकाचा आणि पुढची प्रत्येक पायरी अडीच सेंटीमीटरची असल्यामुळे तिचे लेबल सी-७५ असे होते.

अक्षरांची खरी गंमत डीच्या पुढे सुरू होते. युरोपात डीनंतर सरळ ई येतो. ब्रिटनमध्ये डीनंतर डीडी, मग ई, एफ, एफएफ, जी, जीजी असा क्रम आहे. अमेरिकेत डीनंतर डीडी आणि मग डीडीडी, ज्याला काही कंपन्या एफ म्हणतात. म्हणजे ब्रिटनचा ई आणि अमेरिकेचा डीडीडी एकच, आणि युरोपचा ई हा ब्रिटनच्या डीडीच्या जागी बसतो. त्यातही इंचाची पायरी २.५४ सेंटीमीटरची आणि युरोपची दोनची, त्यामुळे अक्षरे जितकी पुढे जातील तितकी तफावत वाढते. बाहेरगावच्या नणंदेला किंवा मुलीला ब्रा पाठवायला सांगताना नंबर न कळवता दोन्ही मापे सेंटीमीटरमध्ये कळवणे अधिक शहाणपणाचे.

लेबलावर कपाचे अक्षरच नसेल, किंवा केवळ एस, एम, एल असेल तर?

नुसता "३४" लिहिलेल्या स्वस्त, सुती ब्रा बाजारात भरपूर आहेत आणि त्यांचा कप बहुधा बीच्या आसपास शिवलेला असतो. ज्यांना बी लागतो त्यांचे त्यात छान चालते. एस, एम, एल ही अक्षरे ताणल्या जाणाऱ्या, बिनहुकाच्या ब्रांसाठी ठीक आहेत. त्यांत एक अक्षर दोन-तीन साइज सामावून घेते, म्हणून भरीव आधार लागणाऱ्या स्त्रीने त्यांवर विसंबू नये.

भारतीय अंगांच्या मापांचा स्वतंत्र तक्ता नाही का?

त्यासाठी इंडियासाइज हा प्रकल्प राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, हाती घेतला. दिल्ली, मुंबई, हैदराबाद, कोलकाता, शिलाँग यांसह सहा शहरांत १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापे थ्रीडी स्कॅनरने घ्यायची अशी ती योजना होती. माळव्याचे एकही शहर त्यात नाही, याची इंदूरकरांनी नोंद घ्यायला हरकत नाही.

नवी ब्रा बरोबर बसली हे कसे ओळखावे?

ती सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकांवर बसली पाहिजे. वापराने इलॅस्टिक सैल पडते आणि त्या वेळी आतले हुक कामी येतात. नवी असतानाच सर्वांत आतला हुक लावावा लागला तर पट्टा मोठा आहे. हुक लावल्यावर थोडे पुढे वाकून प्रत्येक कपात विरुद्ध हात घालून काखेकडचा भाग पुढे ओढून घ्यावा. हे न करता नंबर ठरवल्यामुळे कित्येकींना लहान कप पुरेसा वाटतो. मग खांद्याच्या पट्ट्या तात्पुरत्या उतरवाव्यात. पट्टा जागचा हलला नाही तर भार तोच पेलतो आहे. पाठीवर तो समोरच्या पातळीतच असावा आणि त्याखाली दोन बोटे कशीबशी जावीत. दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे, निदान वायर असलेल्या ब्रात तरी. तो हवेत राहत असेल तर कप लहान आहे. वरून स्तन फुगून ब्लाऊजवर कपाच्या काठाची रेघ दिसत असेल तरीही कप लहान, आणि कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा किंवा आपल्या ठेवणीला न शोभणारा. वायर स्तनावर न बसता त्याच्या मुळाशी, काखेच्या दिशेने संपली पाहिजे.

शेवटी हात वर करावेत, जणू वरच्या फळीवरचा डबा काढायचा आहे. ब्रा वर सरकली तर ती परत डब्यात जावी.

दोन्ही स्तन सारखे नाहीत. साइज कोणत्या बाजूची धरावी?

मोठ्या बाजूची. थोडाफार फरक बहुतेक सर्व स्त्रियांत असतो. लहान बाजूची खांद्याची पट्टी जराशी आवळावी किंवा काढता येणारे पॅड त्या एकाच बाजूला ठेवावे. फरक अलीकडेच निर्माण झाला असेल, किंवा गाठ, खळी, स्राव असे काही आढळले तर तो साइजचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरांना दाखवावे.

मुलीसाठी पहिली ब्रा कधी आणि कोणत्या मापाची घ्यावी?

स्तनांची वाढ साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होते आणि पाळी बहुधा त्यानंतर दोनेक वर्षांनी येते. सुरुवातीला शमीज किंवा मऊ, बिनवायरची बिगिनर्स ब्रा पुरते. मुलीला स्वतःला टोचते किंवा अवघडल्यासारखे होते असे ती सांगेल तीच वेळ योग्य. शाळेतील मैत्रिणींशी बरोबरी करण्याचे कारण नाही. माप दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते, म्हणून एका वेळी दोन-तीनच घ्याव्यात. फ्रॉक आणि स्वेटर वाढत्या अंगाचे घेण्याची आपली जी सवय आहे, ती येथे मात्र सोडावी. सैल ब्रा आधार देत नाही आणि रिकाम्या कपाने मुलीला उगाच लाज वाटते. मापे घेताना तिलाच टेप धरायला द्यावा.

गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात काय बदलते?

दोन्ही मापे बदलतात, पण एकाच वेळी नाही. कप पहिल्या काही महिन्यांतच वाढू लागतो, तर पट्टा पुढे, बरगड्यांचा घेर रुंदावल्यावर तंग होतो. फक्त पट्टा तंग होत असेल तर हुकांची जोडपट्टी, म्हणजे एक्स्टेंडर, लावून काम भागते. नर्सिंग ब्रा शेवटच्या महिन्यात घ्यावी आणि कपात थोडी जागा शिल्लक ठेवावी, कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते तेव्हा स्तन एकदम भरतात. त्या दिवसांत तंग ब्रा आणि रुतणारी वायर टाळावी. सततच्या दाबाने दुधाचा मार्ग अडू शकतो. आपल्याकडे बाळंतिणीला सैलच कपडे घालायला सांगतात, आणि त्या सल्ल्यात तथ्य आहे. मात्र आधार अजिबात नसला तर भरलेले स्तन दुखतात हेही घरच्यांनी लक्षात घ्यावे. स्तनपान सुटल्यानंतर काही महिने थांबून मगच महागाची खरेदी करावी.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर माप कसे घ्यायचे?

एक स्तन काढलेला असेल तर पूर्ण घेर नेहमीसारखा मोजता येत नाही. अशा वेळी असलेल्या स्तनाच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून, छातीच्या हाडाच्या मध्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत अर्धा घेर मोजून त्याची दुप्पट करतात. खालचा घेर नेहमीप्रमाणेच मोजायचा. कृत्रिम स्तन ठेवण्यासाठी आत खिसा असलेली ब्रा मिळते. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मऊ, बिनवायरची, पुढून उघडणारी ब्रा वापरावी.

वायरच्या ब्राने कर्करोग होतो असे ऐकले आहे.

तसा पुरावा नाही. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१४ मध्ये रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात कपाचा साइज, दिवसातील वापराचे तास, वायर, कोणत्या वयापासून ब्रा वापरली, यांतील कशाचाही कर्करोगाशी संबंध आढळला नाही. चुकीच्या मापाची वायर रुतते आणि दुखते, एवढा त्रास मात्र खरा आहे.

दुकानात घालून पाहू देत नाहीत, आणि काउंटरवर पुरुष असतो. काय करावे?

जुन्या बाजारातील लहान दुकानांत ट्रायल रूम नसते आणि आतल्या कपड्यांचा माल परत न घेण्याची पाटी लावलेली असते. जिथे विक्रेती आहे आणि कपड्यांवरून का होईना घालून पाहता येते अशा दुकानात किंवा मॉलमध्ये एकदा जाऊन, नंबर पक्का करून, पुढची खरेदी नेहमीच्या दुकानातून केली तर दोन्ही सोयी साधतात. पैसे देण्यापूर्वी "नंबर बदलून द्याल ना?" हे विचारून घ्यावे, बिल फाडू नये, लेबल काढू नये आणि ब्रा धुऊ नये. विक्रेत्यांपैकी जुनेजाणते लोक नुसत्या नजरेने नंबर सांगतात. त्यांचा अंदाज पट्ट्याच्या बाबतीत पुष्कळदा बरोबर येतो. कप मात्र साडी किंवा कुर्त्यावरून कोणालाही सांगता येत नाही. माप कागदावर लिहून नेले आणि "चौंतीस, सी कप" असे सरळ मागितले तर समोर कोण आहे याचा संकोचही कमी होतो आणि डबेही कमी उघडावे लागतात.

माप पुन्हा कधी घ्यावे, आणि ब्रा कधी टाकून द्यावी?

वर्षातून एकदा माप घ्यावे, आणि वजनात चार-पाच किलोंचा फरक पडला, औषधे बदलली किंवा पाळी जाण्याचा काळ आला तर त्याआधीच. सर्वांत आतला हुक लावूनही पट्टा पाठीवर चढू लागला म्हणजे तिचे आयुष्य संपले. खांद्याच्या पट्ट्या आवळून ते वाढत नाही. इलॅस्टिक उष्णतेने लवकर मरते, म्हणून गरम पाण्यात भिजवू नये, पिळू नये, आणि मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर टाकण्याऐवजी सावलीत वाळवावे. एकच ब्रा सलग दोन दिवस न घालता तीन-चार आलटून पालटून वापरल्या की प्रत्येकीचा पट्टा अधिक काळ टिकतो.